राऊळ सर पास झाले

आमच्या राऊळ सरांच्या खिशाला कायम लाल पेन असायचं, पण त्या पेनानं आयुष्यात कुणाचं रक्त सांडलं नाही. कांदिवलीच्या महापालिकेच्या शाळेत ते पाचवी ते सातवीला गणित शिकवत. वार्षिक परीक्षेत एखाद्याला बत्तीस पडले, की सर तो पेपर खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. कागदाच्या पोटात तीन मार्क लपून बसलेत असा त्यांचा चेहरा असायचा. आणि ते मार्क त्यांना सापडायचेच. माझ्या पेपरात सात सापडले होते. शाळेचा विक्रम आहे तो, अजून कुणी मोडलेला नाही.

निवृत्त झाले तरी तपासणी थांबली नाही. चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये बैठी घरं आहेत, मध्ये मोकळं अंगण आणि चारी बाजूंनी दारं. आता प्रत्येकानं वर एकेक मजला चढवलाय आणि बाहेरून लोखंडी जिना लावलाय. त्या अंगणात सकाळी खुर्ची टाकून सर वर्तमानपत्र वाचायचे आणि अग्रलेखाखाली लाल शेरा मारायचे : ‘४१. विषय सोडून लिहिले आहे.’ सोसायटीच्या चेअरमनला सभेतल्या भाषणाबद्दल त्यांनी छत्तीस दिले होते, त्यातला एक स्वच्छ इस्त्रीचा. काकूंनी बांगड्याचं तिखलं केलं की पहिल्या घासाला डोळे मिटून जाहीर करायचे, “अठ्ठ्याऐंशी!”

“कालपेक्षा दोन कमी कशे?” काकू विचारायच्या.

“त्रिफळं मोजून टाकलीस. शिस्त दिसली, माया कमी दिसली.”

“बघितलंस, पम्या? ह्येंका आमटी वाढली तरी पेपर तपासतत.”

पम्या म्हणजे मी. प्रमोद. पन्नाशी उलटली, केस गेले, पोट आलं, पण सरांच्या तोंडी मी पम्याच राहिलो. मी त्यांचा जुना विद्यार्थी आणि नंतर भिंतीला भिंत लागून शेजारी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या सेक्टरला माहीत आहे. कुणाला एखादी बातमी अंगणभर पसरवायची असली तर लोक ती मला ‘कुणाला सांगू नको’ म्हणून सांगतात. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

शाळेच्या भिंतीमागे एक जांभळाचं झाड होतं. मधल्या सुट्टीत भिंत ओलांडायला बंदी होती. सुट्टी संपली की सर वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि एकेकाला आत घेताना म्हणायचे, “जीभ दाखव.” जांभळी जीभ सापडली की छडी नाही, ओरडणं नाही. शिक्षा एकच : जीभ तशीच बाहेर ठेवून सतराचा पाढा म्हणायचा. करून बघा. वर्ग लोळायचा. म्हणणाऱ्यालाही हसू यायचं आणि लाळ शर्टावर. मी सतराचा पाढा असाच शिकलो. आजही कुणी सतरा सक विचारलं तर उत्तराआधी माझी जीभ बाहेर येते.

एकदा मी तीन दिवस शाळेला दांडी मारून खाडीवर खेकडे पकडत होतो. माझे वडील गिरणीत होते आणि त्यांचा हात जड होता. त्यांना रस्त्यात सर भेटले. वडिलांनी विचारलं, “पोरगा शाळेत येतो ना?” मी मागेच उभा. सर म्हणाले, “येतो की. पुढच्या बाकावर बसतो.” दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर त्यांनी मला मागून उठवून पुढच्या बाकावर बसवलं. आपण बोललो ते खरं असायला हवं म्हणून. त्याबद्दल पुढे चाळीस वर्षांत ते एक अक्षर बोलले नाहीत.

तर हे असे सर, वय वर्षं अडुसष्ट, एका सकाळी सुजातासमोर नापास झाले.

सुजाता म्हणजे आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावरची डॉक्टर जाधव. तीही सरांचीच विद्यार्थिनी, माझ्या नंतर दहा-बारा वर्षांनी. काकूंनी हट्टानं सरांच्या रक्ताची तपासणी करून घेतली होती. त्याला कारण होतं. सरांचे दोन्ही मोठे भाऊ हृदयविकारानं गेले, एक अठ्ठावन्नाव्या वर्षी, एक एकसष्टाव्या. दोघंही जेवताना. तेव्हापासून सर जेवताना जरा ठसकले तरी काकूंच्या हातातला डाव थांबायचा. रिपोर्ट ऐकायला सर मला सोबत घेऊन गेले.

“सर, तुमचं वाईट कोलेस्टेरॉल एकशे चौऱ्याण्णव आहे,” सुजाता म्हणाली.

“कितीपैकी?”

“सर...”

“अगं, छेद सांग ना. छेदाशिवाय अंशाला काय अर्थ?”

“कितीपैकी नाही सर. हे कमी हवं. तुमच्या बाबतीत शंभराच्या आत.”

“म्हणजे जास्त मार्क मिळाले की नापास? ही कुठल्या बोर्डाची परीक्षा गं?”

ती हसली, पण तिनं विषय सोडला नाही. म्हणाली, “हे दुखत नाही सर, म्हणून फसवतं. आत थर धरत राहतो आणि बाहेर माणूस हसत फिरत असतो. तळलेलं कमी करा, नारळ कमी, भाज्या-डाळी वाढवा, रोज चाला. ते कराच. पण तुमच्या घराण्यात हे रक्तातूनच आलंय, नुसत्या पथ्यानं भागणार नाही. रोज एक गोळी, कायमची. तिच्यानं अंग दुखलं, पाय दुखले तर मला लगेच सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, वेगळ्या प्रकारच्या गोळ्या आहेत. अगदी काहीच नाही मानवलं तर इंजेक्शनं आहेत. रस्ते पुष्कळ आहेत. फक्त स्वतःहून बंद करू नका. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू.”

एवढ्या मोठ्या धड्यातलं सरांनी शेवटचं वाक्य तेवढं घरी नेलं : तीन महिन्यांनी परीक्षा.

वाटेत म्हणाले, “सातवीत गणितात मी तिला तीन मार्क वाढवून दिलेत पम्या. आणि आज ती मला नापास करते!” छाती अशी फुगवलेली, जणू तीच पहिली आली होती.

अंगणात बातमी पसरायला अर्धा तास लागला. (अर्धा तास का, तर मी आधी अंघोळ केली.) संध्याकाळपर्यंत सरांच्या ओट्यावर अख्खं उपचार केंद्र उघडलं. कुणी म्हणालं मेथीचं पाणी, कुणी जवसाची चटणी, कुणाच्या गावाहून अर्जुनाची साल आली. माझ्या बायकोनं सोललेल्या लसणीची वाटी नेऊन दिली. सरांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. त्यांनी पुठ्ठ्यावर लाल-निळ्या रेघा मारून वेळापत्रकच केलं. सोमवारी मेथी, मंगळवारी कच्ची लसूण, बुधवारी जवस, असं शनिवारच्या दुधी रसापर्यंत. रविवारी सुट्टी. मंगळवारी सरांना शंका विचारायला कुणी जवळ जात नसे.

सगळ्यात मोठी शिक्षा नारळाची. मालवणी माणसाच्या ताटातला नारळ काढणं म्हणजे शाळेतून घंटा काढण्यासारखं. काकूंनी कांद्याचं वाटण सुरू केलं. सर रोज मुकाट्यानं जेवायचे आणि मार्क द्यायचे, “पस्तीस.” काकूंना कळायचं की हे मार्क त्यांच्या पेपरात नव्हतेच, सरांनी उजेडाकडे धरून काढलेत.

आणि रात्रीच्या जेवणानंतर काकू स्वतःच्या हातानं गोळी द्यायच्या, पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या.

शेवटचे दहा दिवस सरांनी उकडलेल्या दुधीवर काढले. विचारलं तर म्हणाले, “उजळणी चाललीय.” मग रक्त दिलं, आणि रिपोर्ट आला : एक्क्याण्णव.

काय सांगू तुम्हाला तो दिवस! सर रिपोर्ट हातात धरून लोखंडी जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्या अंगणाला ओरडून सांगितलं, “राऊळ दत्ताराम, पास!” दारोदारी पेढे गेले. सुजाताचा फोन आला. फोन मोठ्यानं लावलेला, मी ऐकत होतो. “झकास सर! गोळी छान लागू पडली. चालू ठेवा.” “हो हो,” म्हणत सरांनी फोन ठेवला आणि रिपोर्ट भिंतीवर डकवला, त्यांच्या वर्गांच्या फोटोंच्या रांगेत. त्या रविवारी काकूंनी कोंबडी-वडे केले आणि अख्ख्या नारळाची सोलकढी. सरांनी पेला तोंडाला लावला, रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, “शंभर.” मीही तीन पेले प्यायलो. माझं तर कुणी रक्तही तपासलं नव्हतं.

महिनाभरानं जेवण झाल्यावर मी अंगणात शतपावली करत होतो. सर त्यांच्या दारातून बाहेर आले, टोकाच्या कढीपत्त्यापाशी गेले, वाकले आणि थुंकले. सर आणि थुंकणं! ज्यांनी अर्ध्या कांदिवलीला न थुंकण्याची शिस्त लावली! मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मी आधीच कढीपत्त्यापाशी जाऊन उभा राहिलो. सर आले, मला बघून थबकले. गाल किंचित फुगलेला.

चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती संधी होती ती. मी कमरेवर हात ठेवले आणि म्हणालो, “राऊळ, जीभ दाखव.”

त्यांनी दाखवली. जिभेवर छोटी पांढरी गोळी, कडा विरघळलेली.

दोघंही हसत सुटलो. हसता हसता त्यांनी ती कढीपत्त्याच्या मुळाशी टाकून दिली. मी म्हणालो, “सर, हे काय? डॉक्टर कायमची म्हणाली होती.”

“अरे, सातवी पास झालेल्या पोराला तू पुन्हा सातवीचं पुस्तक वाचायला लावतोस? एक्क्याण्णव पडलेत मला. आणि ती गोळी घेतली की मांड्या दुखतात रे. हा जिना चढताना धोंडे बांधल्यासारखं होतं. बंद केली आणि बघ, कसा टुणटुणीत आहे.”

“मग सुजाताला सांगा ना, ती बदलून देईल.”

“जिला मी हात धरून अपूर्णांक शिकवले तिच्यापुढे जाऊन कण्हू? मास्तर विद्यार्थ्यासमोर कण्हत नसतो.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “हिला सांगू नकोस. उगाच घाबरते. तुझ्या खेकड्यांबद्दल मी बोललो होतो का तुझ्या बापाला?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते काढलं. म्हणालो, “नाही सर. सांगत नाही.”

आणि नाही सांगितलं. हा पम्या, जो शेजारच्याच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेसुद्धा चेअरमनला कळवतो, त्यानं हे एक गुपित पाळलं. काकू अंगणात भेटायच्या, म्हणायच्या, “एक गोळी चुकूक देणंय नाय मी.” मी मान हलवायचो. मनात म्हणायचो, माणूस ठणठणीत दिसतोय, आपलं काय जातंय. कढीपत्ताही जोरात फुटला होता.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदनानंतर रांगोळ्यांची स्पर्धा असते. परीक्षक अर्थातच सर. हातात वही, लाल पेन, मागे पोरींचा घोळका. पहिल्या रांगोळीला ब्याऐंशी, दुसरीला चौऱ्याऐंशी, तिसरीला शहाऐंशी, चौथीला रडकी पोर बघून आणखी दोन. पाचव्या रांगोळीपाशी ते थांबले. चांगला मोर काढला होता. सर बघत राहिले. पेन वहीवर टेकलेलं, पुढे हलेना.

मी म्हणालो, “काय सर, फार भारी पडला वाटतं मोर?”

“पम्या,” ते म्हणाले, “आकडा सुचत नाही रे.”

त्यांच्या कपाळावर घाम होता. जानेवारीतली सकाळ. मग डावा हात छातीशी गेला आणि ते मोराच्या पिसाऱ्यावरच हळूच खाली बसले, कुणाला त्रास होऊ नये असे.

रिक्षातून नेलं. हॉस्पिटलात धावपळ झाली, एका नळीतला अडथळा काढून जाळी बसवली. सुजाता दवाखाना बंद करून धावत आली. आयसीयूच्या बाहेर तिनं काकूंना विचारलं, “काकू, गोळी चालू होती ना?”

“एक दिवस चुकली नाय गो. मी माझ्या हातान देतंय. पाणी मी देतंय.”

मी काकूंच्या मागे उभा होतो, भिंतीला टेकून. मग सुजाताला जिन्याकडे नेलं आणि सगळं सांगितलं. कढीपत्ता, मांड्या, खेकडे. वाटलं ती मला फाडून खाईल. तिनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत राहिली.

“प्रमोददादा, एक फोन करायचा होतात ना मला. मी गोळी बदलली असती. दहा मिनिटांचं काम होतं. ते एक्क्याण्णव गोळीमुळे होते. बंद केली की महिन्या-दोन महिन्यांत सगळं जिथल्या तिथे येतं.”

“सर कसे आहेत?”

“हृदयाचा बराच भाग गेलाय दादा.”

दोन दिवसांनी सर बोलायला लागले. खाटेपाशी काकू होत्या, सुजाता होती, पायाशी मी. सरांनी सुजाताला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“सुजाता, ते मार्क माझे नव्हते गं. गोळीनं उत्तर सांगितलं, मी नुसतं उतरवलं. मी कॉपी करून पास झालो.”

काकूंना काही कळेना. मग सरांनीच त्यांना सांगितलं, सगळं, माझं नाव मात्र वगळून. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असणार. माझ्यासारखा माणूस दोन दिवस गप्प बसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

सरांनी विचारलं, “आता पुन्हा सुरू करतो गोळी. उशिरा आलेल्याला वर्गात घेतात का?”

सुजाता लहानपणी धाकट्या भावाला बालवाडीत सोडून मग शाळेत यायची, रोज उशीर व्हायचा. ती म्हणाली, “सर, तुम्ही मला रोज घ्यायचात.” आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

नऊ दिवसांनी ते घरी आले. सुजातानं गोळी बदलून दिली होती, दुसऱ्या प्रकारची एक जोडीला दिली होती. पाय दुखले नाहीत. हे फार साधं होतं, आणि त्याचाच मला फार राग येतो. वरच्या मजल्यावर जाणं बंद झालं, बिछाना खाली आला. भिंतीवरचा रिपोर्ट त्यांनी स्वतः काढला, पाठीमागे लाल पेनानं काहीतरी लिहिलं आणि घडी करून खिशात ठेवला. काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. मला अलीकडे प्रश्न कमी पडतात.

मार्चच्या एका पहाटे सर झोपेत गेले. लोकांनी सरांबद्दल भरपूर काही काही सांगितलं, माझ्याच्यानं ते ऐकवत नव्हतं. मला सर आठवतात ते आदल्या संध्याकाळचे.

ऊन उतरलं होतं. काकूंनी त्यांची खुर्ची अंगणात कढीपत्त्यापासून लांब, अगदी दुसऱ्या टोकाला ठेवली होती. लवकर जेवण झालं होतं. मी माझ्या ओट्यावर बसलो होतो. काकू तांब्या आणि गोळी घेऊन आल्या. सरांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. काकू तिथेच उभ्या.

“जीभ दाखवा.”

त्यांनी दाखवली. काकूंनी वाकून, डावीकडून उजवीकडून, पार दाराशी उभं राहणाऱ्या मास्तरासारखी नीट तपासली. “बराय,” म्हणाल्या. तरी सरांनी जीभ आत घेतली नाही. तशीच बाहेर ठेवून ते माझ्याकडे वळले. डोळे मिचकावले. आणि सुरू झाले :

“थथ्था एके थथ्था. थथ्था दुणे तौतीथ.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. जानेवारीनंतर त्या पहिल्यांदा हसत होत्या. समोरच्या दारातली पोरं धावत आली. मीही जीभ बाहेर काढली आणि सूर मिळवला. अडुसष्ट वर्षांचा माणूस आणि टकला शेजारी, दोघं जीभ काढून पाढा म्हणतायत, लाळ शर्टावर.

“थथ्था थोक अदुथथ्थ,” इथपर्यंत आलो आणि सरांना धाप लागली. त्यांनी हात वर केला. वर्ग सोडताना करायचे तसाच.

“बस,” ते म्हणाले. “उरलेला उद्या.”